टाकीबाबांचे आठ लिटर

पंपावर अशी झुंबड, की डिझेलची रांग पार वळणापर्यंत गेलेली. निम्मी माणसं नुसती बघायला आली होती. वरच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत टाकीबाबा डोळे मिटून बसले होते, आणि पंपाचा मालक त्यांना दर अर्ध्या तासाला चहा पाजत होता. का पाजणार नाही? एवढा धंदा त्याच्या बापजन्मी झाला नव्हता.

"डिझेल इंजिन पीत नाही बाळांनो, तुमची चिंता पिते!" बाबा गरजले. "चिंता मला द्या, ॲव्हरेज तुम्ही घ्या!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. असलं काही ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबांची पद्धत ठरलेली होती. पिकअपनं आधी त्यांच्याकडे पाठ करून टाकी भरायची, कारण तोंड दाखवायची लायकी अजून आलेली नसते. मग मागचा ट्रेलर सोडून ठेवायचा आणि नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, एकशेवीस किलोमीटर. आल्यावर गाडी बाबांकडे तोंड करून उभी करायची. बाबा टाकीच्या झाकणाला तांब्याचं कडं लावणार, आणि मग टाकी पुन्हा भरायची. नळी खटकन बंद झाली की टाकी भरली, हा इथल्या तमाम ड्रायव्हरांचा हिशेब. माझ्या धाकट्या भावाच्या गाडीत चार लिटर गेलं आणि नळी बंद झाली.

"एकशेवीसला चार! लिटरला तीस!" भाऊ नाचायचाच बाकी होता. "ताई, सहा देणारी गाडी माझी!"

"अरे शहाण्या, सहा देते ती ट्रेलर ओढताना. आत्ता ट्रेलर कुठाय?"

"मोकळी असली तरी दहाच देते. तीस कुठून आले, ते सांग ना!"

बाबांनी एक डोळा उघडला. "बाईंच्या डोक्याला ट्रेलर जोडलाय. सोडवा रे कुणीतरी." सगळा पंप हसला, माझा भाऊसुद्धा.

मग बाबांनी गाडीतल्या डिझेलच्या काट्यावर स्वतःच्या फोटोचं स्टिकर चिकटवलं. काटा बघणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं. जादा डिझेलचा कॅनही त्यांनी काढून घेतला. भावानं ट्रेलर जोडला, फरश्या भरल्या, वडिलांना, आप्पांना, शेजारी बसवलं आणि हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या उंच घाटाकडे निघाला. आमचे आप्पा त्या घाटात तीस वर्षं गाडी चालवून थकलेले. पोराला सोबत म्हणून ते जायचे.

घाटाखालच्या शेवटच्या पंपावर भाऊ थांबलाच नाही. लिटरला तीस देणाऱ्या गाडीला पंप कशाला? माथ्याच्या अलीकडे, बर्फात, गाडी आचके देऊन बंद पडली. हीटर गेला. फोन लागेना. मदत सकाळी पोचली. भाऊ तरुण, तो निभावला. आप्पांना साखरेचा आजार, त्यांची पावलं काळीनिळी झाली होती. डॉक्टरांनी दोन्ही घोट्यापासून कापली.

याहून वाईट पुढे आहे.

बाबांनी निरोप पाठवला, "गाडीत कुणीतरी संशय धरला होता." आणि खरंच, चढावर इंजिन गुदमरायला लागलं तेव्हा आप्पांनी नखानं ते स्टिकर खरवडलं होतं. जन्मभर ड्रायव्हर होता तो माणूस, काटा बघितल्याशिवाय कसा राहील?

भाऊ हॉस्पिटलात खाटेशी उभा राहून म्हणाला, "आप्पा, का हात लावलात स्टिकरला?"

आप्पा म्हणाले, "चुकलं रे पोरा. माझ्या पापाची शिक्षा मला मिळाली. तू बाबांची माफी माग."

मला रडू आलं नाही. कुणाला तरी फाडून खावंसं वाटलं. मी तडक पंपावर गेले.

पंपावरचा माणूस फरशी धूत होता. पाणी बाबांच्या खुर्चीकडून धो धो खाली रस्त्याकडे पळत होतं. मी त्या पाण्याकडे बघत राहिले. बाबांची खुर्ची चढाच्या टोकाला होती. त्यांच्याकडे तोंड केलं की गाडीचं नाक वर, पाठ केली की नाक खाली. इतकी साधी गोष्ट, आणि विज्ञानाच्या बाईला दिसली नव्हती!

मी भावाला गाडी घेऊन बोलावलं. तो माफी मागायलाच आला होता.

"आधी बाबांकडे तोंड करून टाकी भर," मी म्हटलं. नळी खटकन बंद झाली. "भरली?"

"भरली," पन्नास ड्रायव्हर एका सुरात म्हणाले.

"आता इंजिन चालू न करता ढकलत उलटी वळवा."

"खबरदार!" बाबा ताडकन उठले. "पाठ फिरवलीत तर कृपा उडून जाईल!"

"भरलेल्या टाकीतून काय उडणार?" एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला. "होऊन जाऊ द्या." दहा जणांनी गाडी ढकलून वळवली. मी नळी पुन्हा टाकीत घातली. डिझेल जायला लागलं, जातच राहिलं. आठ लिटर गेलं तेव्हा कुठं नळी थांबली. गाडी एक किलोमीटरही धावली नव्हती.

मी सांगितलं, "टाकीचं तोंड मागच्या टोकाला असतं. नाक वर असलं की डिझेल मागं तोंडाशी लवकर येतं आणि पुढच्या कोपऱ्यात हवा अडकते. नळीला वाटतं, टाकी भरली. पुलाला जाऊन येताना मोकळी गाडी बारा लिटर प्यायली होती. टाकीत चार गेलं, आठ जायचं राहिलं. तीसचं ॲव्हरेज म्हणजे ही एवढी हवा!"

बाबांनी चपला सोडून पळ काढला. ड्रायव्हर त्यांच्यामागे धावले. पुढे काय झालं ते मी बघितलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. पंपमालक तेवढ्यात आत जाऊन कडी लावून बसला होता.

भावाला मी हॉस्पिटलात नेलं. "मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तूच सांग." त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

आप्पांनी विचारलं, "आठ लिटरमध्ये ट्रेलर ओढत चढावर किती गेली असती?"

"चढावर लिटरला पाचच धरली, तरी चाळीस किलोमीटर."

"माथ्यापलीकडचं गाव तिथून किती होतं?"

"बारा."

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं," आप्पा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखे रडले. भाऊ पाय धरायला वाकला आणि तसाच थिजला.

तर मंडळी, तुमच्यापुढे कुणी चमत्कार मांडला तर हात जोडण्याआधी म्हणा, "जरा गाडी उलटी वळवा." जो खरा असेल तो वळवू देईल. जो चिडेल त्याच्या दारात क्षणभर थांबू नका. आणि चारचौघांत विचारायची लाज वाटली, तर आमच्या घरी या. आप्पा आता कुठंच जात नाहीत, दिवसभर घरीच असतात.