खिळ्यावरचा पाइप

पांढरकवड्यात लोक म्हणतात, खातूनबीचा हात तोंडाच्या आधी चालते. चालतेच! मुकुटबनच्या खाणीवर म्या साजिदचे दात पाडले, त्याचा मले आजही पस्तावा नाही. माझं पोरगं पाण्याखाली होतं आन् हा नालायक वर खुर्चीत बसून मोबाइल पाहून राह्यला होता.

आमचं गॅरेज हायवेवर. माझा नवरा नजीर, डिझेल इंजिनचा मिस्त्री. आता मी त्याले नावानं हाक मारते. पहिले 'अरसलानचे अब्बा' म्हणो, आन् तो मले 'अरसलानची अम्मी'. आमच्यात तसंच असते. अरसलान आमचा एकुलता एक पोट्टा. नुकताच निकाह झालेला, सून आरजू बाभुळगावची.

साजिद माझ्या सख्ख्या भावाचा पोट्टा, मी त्याची फुप्पी. त्याले मोठ्या धंद्याचं याड. त्यानं कोकणातून एक जुनी बोट ट्रकवर लादून आणली, पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या आणल्या, आन् मुकुटबनकडच्या एका बंद खाणीत दुकान मांडलं. त्या खाणीत पाणी साचून निळंशार झालेलं, काचेवानी साफ. 'समुद्राले कायले जाता, इथंच डुबकी मारा' असा बोर्ड लावला. पहिल्या वर्षी लोकं तुटून पडले. मंग कोणी येईना. बोटीचे हप्ते थकले, पाण्यात उतरणारे शिकलेले पोट्टे पगार नाही म्हणून पळाले, जॅकेटचे पट्टे सुतळीनं बांधले गेले. आन् जसजसा धंदा बसला तसतसा भाव उतरला. आज बुक करा, अर्ध्या भावात, पण सारे पैसे आधी! अवो, घराले आग लागली का माणूस भांडे स्वस्त विकते, एवढं तं कळाले पाहिजे! पण आमच्या पोट्ट्याले नाही कळलं. "अम्मी, साजिदभाई आपलाच आहे," म्हणे. आरजूले मोटरसायकलवर बसवलं आन् सकाळीच गेला. बापाले नाही सांगतलं. टाक्यात हवा भरायच्या मशीनच्या दुरुस्तीचे पैसे साजिदनं दिले नव्हते, त्यावरून बापाचं आन् त्याचं वाजलेलं होतं.

दुपारी नजीर जेवाले बसला. भाकर मोडता मोडता हसला.

"तुमच्या भाच्याचा धंदा बंद करून आलो काल," म्हणे.

"काहून? काय केलं?"

"पार्ट काढून आणला. टांगला खिळ्याले."

हायवेवर ही रीतच आहे. गिऱ्हाईक पैसे देत नसन तं मिस्त्री भांडत बसत नाही. गाडीचा एखादा पार्ट काढते आन् खिळ्याले टांगते. ट्रक जागचा हालत नाही, मंग ड्रायव्हर झक मारून पैसे आणते. नात्यात तं ही रीत लय सोयीची, तोंडानं मागा लागत नाही.

"कोणता पार्ट?"

"टाक्यात हवा भरायची मशीन आहे ना त्याची, तिचा हवा ओढायचा लांब पाइप. त्याचं तोंड दूर ठेवा लागते, साफ हवेत. नाही तं मशीन आपल्याच इंजिनाचा धूर ओढते. येईन आता नाक घासत."

माझ्या हातातला तवा तसाच राह्यला. "पाइप नसला तं मशीन चालूच होत नाही का?"

"चालू तं होते. पण चालवन कोण? धूर टाकीत भरन, माणूस मरन खाली."

"अरसलान गेला तिथं," मी म्हटलं. "आरजूले घेऊन."

त्यानं हातातल्या भाकरीचा पार चुरा केला. मंग उठला, गॅरेजात पळाला, खिळ्यावरून पाइप असा ओढला का खिळाही उपटून आला.

मी फोनवर फोन लावला. साजिद उचलेना, अरसलानचा लागेना. आम्ही जीप काढली. साऱ्या रस्त्यानं म्या त्या माणसाच्या खांद्यावर बुक्क्या हाणल्या. "ट्रकची रीत माणसाच्या श्वासाले लावली? अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही?"  त्यानं एका ऑटोचा आरसा उडवला, एक बकरी चिरडली, पण पाय उचलला नाही.

खाणीवर उतरली आन् पहिले आवाजच आला. धडधड, धडधड. मशीन चालू होती. जिथं पाइप पाहिजे तिथं उघड्या भोकाले फडकं बांधलेलं, काळंमिट्ट झालेलं, आन् इंजिनाचा सारा धूर त्याच्याच आंगावर. बोट पाण्याच्या मधात उभी. बोटीत आरजू आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली, आंगात रबराचा सूट, पायाशी तिच्यासाठी भरलेली टाकी. मले पाहून तिनं हसून हात हालवला.

"अरसलान कुठं आहे?"

साजिद खुर्चीतून उठला. "अरे, फुप्पी! खाली आहे, मजा करून राह्य..."

जीपमधून उचललेला पाना माझ्या हातातच होता. तो म्या त्याच्या तोंडावर घातला. दात मातीत पडले. दुसरा कानशिलावर बसला. तो गुडघ्यावर आला तवा केस धरून त्याचं डोस्कं त्या फडक्यावर घासलं. "हुंग! हुंग हे! हेच पाजून राह्यला न माझ्या लेकराले?"

नजीर पाण्याच्या काठावरून वरडत होता, "वर घ्या! त्याले वर घ्या!" बोटीवर प्रेमसिंग होता, जवळच्या तांड्यातला, बोट हाकायले ठेवलेला. त्यानं अरसलानच्या कमरेले बांधलेल्या दोरीले झटका दिला. खालून जवाब आला नाही. अजून दिला. मंग कपड्यानिशी उडी मारली. आरजूचं हसू तवा गेलं.

प्रेमसिंगनं त्याले बोटीत घालून काठावर आणलं तवा मी पाना फेकून धावली. चेहरा कसा गुलाबी! ओठ लालभडक, जसा निकाहाच्या दिवशी पान खाऊन दिसत होता. या अल्लाह, जिता आहे! म्या नजीरले वरडून सांगतलं, "जिता आहे, पाहा न रंग!"

नजीर खाली बसला. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून झोपलेला आन् धुरानं मेलेला एक क्लीनर त्यानं पाह्यला होता. त्याचाही चेहरा असाच गुलाबी होता, हे त्यानं मले मंग सांगतलं. प्रेमसिंगनं छाती दाबली, तोंडात श्वास फुंकला. फुंकतच राह्यला, शेवटी तोच रडाले लागला. माझं लेकरू उठलं नाही.

साजिद रक्त थुंकत सरपटत आला. "फुप्पी, मी काय करू? लोकांचे पैसे कवाच उडाले. बुकिंग रद्द केलं तं परत कुठून देऊ? वाटलं, दोन-चार दिवस फडक्यावर निभून जाईन..."

आरजू बोटीतून उतरली. तिच्यासाठी भरलेली ती लोखंडी टाकी तिनं दोन्ही हातांनी उचलली आन् साजिदच्या गुडघ्यावर सोडली. हाड कडकन वाजलं. तो ढोरावानी बोंबलला. कोणी मधात पडलं नाही. मी तं म्हटलं, अजून एक टाक.

आन् त्या बोंबलण्यात मशीनची धडधड थांबली.

वळून पाह्यलं तं नजीर फडकं काढून पाइप बसवून राह्यला होता. म्या फेकलेला पाना त्याच्या हातात. त्यानं क्लिप आवळली, हालवून पाह्यली. पाइप ओढत दूर पळसाच्या झाडापाशी नेला, त्याचं तोंड साफ हवेत ठेवलं, खाली दगड लावला. मंग परत मशीनपाशी आला आन् माझ्याकडं पाह्यलं, काम झाल्यावर गिऱ्हाइकाकडं पाहते तसं.

मी लेकराचं डोस्कं आरजूच्या मांडीवर ठेवलं आन् त्याच्यापाशी गेली.

"अरसलानची अम्मी," तो म्हणाला, "मार मले."

"नजीर," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. "अम्मी म्हणू नको आता. हात ठेव मशीनवर."

त्यानं पाना माझ्या हातात दिला आन् उजवा हात लोखंडावर ठेवला. म्या मारला. बोटं मोडली, ते आरजूलेही ऐकू गेलं.  त्यानं उजवा हात छातीशी धरला, आन् मी न सांगता डावा लोखंडावर ठेवला.