उणे दोन क्ष

आमच्या निपाणीच्या शाळेत मुलींनी वर्गात शिरायचं ते मास्तरांच्या मागून, आणि बाहेर पडायचं तेही मास्तरांच्या मागून. तोवर व्हरांड्यात उभं राहायचं. हा नियम कुणी कुठं लिहून ठेवला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. इंग्रजी चौथीत आम्ही मुली दोघीच, मी आणि कमला. व्हरांड्यात आमच्या गप्पा रंगायच्या, घंटा कधी झाली ते कळायचं नाही. दिवाळीनंतर कमलाचं लग्न झालं, ती शहापूरला सासरी गेली आणि व्हरांड्यात मी एकटी उरले.

हुद्दार मास्तर बीजगणित शिकवत ते निम्मं फळ्यावर आणि निम्मं मिशीत. मुलांचं काही अडत नसे. मास्तर येण्याआधी ती एकमेकांना विचारून घेत, मास्तर गेल्यावर फळ्याशी घोळका करून भांडत. मला दोन्ही वेळा बाहेर नुसता गलका ऐकू यायचा. समीकरणांपर्यंत मी कशीबशी आले, कारण तोवर कमला होती. तिला ते येत होतं म्हणजे काय, तिला त्यात गंमत वाटायची! मला कधीच वाटली नाही. मला फक्त शाळा सोडायची नव्हती.

आणि माझी शाळाच सुटायची वेळ आली होती. आप्पांना तंबाखूच्या वखारीतले सगळे हिशेब तोंडी यायचे, पण बीजगणिताचं नाव काढलं की ते हसत. "अक्षराला अक्षरानं गुणायचं? मग मोजायचं काय गं?" अट घालताना मात्र ते हसले नव्हते. "एका जरी विषयात गचकलीस तर शाळा बंद. आक्काच्या मागोमाग तुझंबी उरकून टाकतो."

माझं घोडं अडलं होतं लहान-मोठ्याच्या खुणांपाशी. समीकरणात दोन्ही बाजू सारख्या. तिथं नसतात, एवढंच काय ते कळलं होतं. उणे दोन क्ष हा सहापेक्षा लहान, तर क्ष केवढा? मी उत्तर काढायची आणि मास्तर त्यावर लाल फुली मारायचे. एकदा धीर करून व्हरांड्यातच त्यांना विचारलं. "पुस्तकात आहे," म्हणाले आणि चालू लागले, कारण दारात मुलं बघत उभी होती. त्या दिवशी मी घरी जाऊन खूप रडले. आईला वाटलं, पोट दुखतंय.

माघात आक्काच्या लग्नाचा बस्ता काढायला घरच्या बायका शहापूरला निघाल्या. लुगडी घ्यायची होती कमलाच्या सासऱ्यांच्याच दुकानातून. मी हट्ट करून सर्व्हिस मोटारीत चढले. आईला वाटलं, पोरीला लुगड्यांची हौस सुटली.

पुढं दुकान, मागं घर. बायका दुकानात लुगडी उलगडत बसल्या आणि मी आत गेले. कमला चुलीपुढं भाकरी थापत होती. आम्हा जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची होती, त्यात आम्ही पाहुण्या, म्हणून तिचा हात भराभर चालला होता. मला बघून ती एवढी हसली की तिची सासूही हसली. "आमची कमला लई हुशार," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "दुपारी समद्या बायकांना पोथी वाचून दावती." आणि त्या पाणी भरायला मागच्या दारी गेल्या. कमलाला त्या घरात काही त्रास नव्हता, हे मी मुद्दाम सांगते.

"कमले, मला एक गणित सुटंना झालंय."

"मी इसरले गं समदं," ती म्हणाली. मग थापता थापता थांबली. "सांग बघू."

मी सांगितलं.

"तू काय काढलंस?"

"क्ष उणे तीनपेक्षा लहान."

"मग उणे चार घालून बघ. उणे दोन गुणिले उणे चार?"

"आठ."

"आठ सहापेक्षा लहान व्हय गं?"

नव्हता. कमलानं भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाच्या बोटानं जमिनीवर आडवी रेघ ओढली. मधोमध पिठाची गोळी ठेवली, उजवीकडं दोन खुणा केल्या. "हे शून्य. हिकडं उजवीकडं तू दोनावर, मी पाचावर. मोठी कोण?"

"तू."

"आता दोघींनाबी उणं लाव." तिनं दोन्ही खुणा पुसल्या आणि गोळीच्या डावीकडं पुन्हा काढल्या. तिची खूण पार लांब गेली. "आता?"

"मी," मी म्हटलं. "मी मोठी!"

"व्हय. उण्यानं गुणलं का भागलं की लहान-मोठ्याची खूण उलटी करायची. जी लई पुढं असती, ती उलटल्यावर लई मागं जाती." ती हसत हसतच बोलत होती, पण शेवटचे शब्द बोलताना ती त्या रेघेकडं बघत राहिली.

मग तिनं एकदम विचारलं, "आता पुढं काय चाललंय?"

"दोन अज्ञातांची समीकरणं."

"क्ष आणि य, दोन्ही एकदम? आणि दोन्ही सापडतात?" तिचे डोळे असे चमकले की मला आमचा व्हरांडा आठवला. "कसं काय? सांग की!"

मी सांगायला तोंड उघडलं आणि करपल्याचा वास आला. तव्यावरची भाकरी काळी ठिक्कर पडली होती. मागच्या दारातून सासूबाईंनी हाक दिली, "कमला, ध्यान कुठं हाय गं? दिस बुडाया आला!" रागावून नाही, नुसतीच हाक. कमलानं भाकरी काढली, फडक्यानं जमीन लख्ख पुसली आणि पुढचा गोळा हातात घेतला.

"सांगू?" मी हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली. "अर्धंमुर्धं कळलं की जीव लागत न्हाय कशात."

जेवणं झाली. निघताना तिनं मला कुंकू लावलं. "पास हो. व्हशीलच तू," ती कानाशी पुटपुटली. "पण राजमती, मला सांगायला येऊ नको गं. निरोपबी धाडू नको."

परीक्षेत लहान-मोठ्याची तिन्ही गणितं बरोबर आली. मी पास झाले. आप्पा कधी नव्हे ते खूश झाले आणि त्यांनी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी चुलते शहापूरला जाणार होते. "मैत्रिणीला पुडा धाड की," आप्पा म्हणाले. माझ्या पास होण्यात जिचा सगळ्यात जास्त वाटा, तिलाच तेवढं सांगायचं नव्हतं, आणि हे घरात कुणाला समजावून सांगणार?

"नको," मी म्हटलं.

आप्पांनी आईकडं पाहिलं. "बघ, चार बुकं शिकली न्हाय तवर शिष्ट झाली पोरगी," ते म्हणाले आणि पुडा त्यांनी शेजारी देऊन टाकला.