एका तोंडाचे दोन भाव

दिंद्रुडच्या बसथांब्यासमोर महारुद्र आणि रुद्राणीची खानावळ होती. वर पत्रे, आत चार बाकडी, मागच्या अंगाला चूल. लिंगायताची खानावळ, त्यामुळं मटण-अंडं काही मिळायचं नाही. पण भाजल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, तव्यावरून थेट ताटात पडणारी भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा यासाठी एसटीचे ड्रायव्हर मुद्दाम गाडी थांबवून जेवायचे. कांदा मागावा लागायचा नाही. ताटाबरोबर यायचा, संपला की परत यायचा. त्याचे वेगळे पैसे घ्यायचे हे रुद्राणीच्या मनातही कधी आलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालचा पावसाळा सरत आला आणि कांद्याला आग लागली. पेपरात रोज कांदा, टीव्हीवर रोज कांदा. गावात मात्र खरी बातमी यायची ती सुंदररावाकडून. सुंदररावाचं हॉटेल गावातलं मोठं. फरशी घातलेलं, गल्ल्यावर फोन असलेलं. गावातल्या हॉटेलवाल्यांचा, खानावळवाल्यांचा, गाडेवाल्यांचा त्यानं संघ काढला होता आणि तोच त्याचा अध्यक्ष होता. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सगळे त्याच्याकडं जमायचे. तो चहा सांगायचा, लासलगावला, नगरला, सोलापूरला फोन लावायचा आणि मग मांडी घालून सांगत बसायचा: टमाटा उतरतोय, दोन दिवस थांबा, बटाट्याच्या गाड्या अडकल्यात, उद्याच भरून घ्या, कोथिंबीर आता महिनाभर महाग. पहिली काही वर्षं त्याचा शब्द खरा निघाला होता. महारुद्र घरी येऊन सगळं जसंच्या तसं बायकोला सांगायचा आणि रुद्राणी त्याप्रमाणं आठवड्याची भाजी ठरवायची. सुंदररावाचं नाव निघालं की ती म्हणायची, एवढा फोनचा खर्च करून फुकट सांगतो, असा माणूस मिळायचा नाही.

त्या साली सुंदरराव दर आठवड्याला एकच सांगत होता. कांदा अजून चढणार. दिवाळीपर्यंत दिसायचासुद्धा नाही. माझ्या मेव्हण्याच्या गोदामात थोडा माल हाय, आपल्या लोकांना बाजारापेक्षा रुपया कमी लावतो, पण आत्ताच उचला. माणसांनी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. महारुद्रनं गळके पत्रे बदलायला ठेवलेले पैसे मोडले आणि कांद्याची पोती आणली. ताटाचा भाव दोन रुपयांनी वाढवावा लागला आणि ताटात कांद्याची फक्त एक फोड पडू लागली.

गिऱ्हाईक काय सुंदररावाला बोलणार होतं? ते रुद्राणीला बोललं. परळी गाडीवरचा एक म्हातारा ड्रायव्हर कितीतरी वर्षं तिच्या हातचं जेवत होता. त्यानं ती फोड बोटानं बाजूला सारली, म्हणाला, एवढी तर देवाला वाहतात, आणि ताट अर्धं टाकून उठून गेला. ती परत चुलीपाशी बसली. भाकरी थापताना मात्र तिच्या डोळ्याला पाणी आलं आणि कांदा चिरत नसल्यामुळं तिला कुठलं निमित्तही सांगता येईना.

तिच्या मनात आणखी एक सल होता. वाडीवरची बायडाबाई दर बाजाराला आधी खानावळीच्या ओट्यावर टोपलं उतरवायची. तिचा कांदा लाल, घट्ट, झणझणीत. रुद्राणी निवडून घ्यायची, बायडाबाई चहा पिऊन उरलेला माल बाजारात न्यायची. भाव चढायला लागल्यापासून बायडाबाई फिरकलीच नव्हती. रुद्राणीनं मनाशी धरलं होतं की म्हातारीला पैसा दिसला आणि तिनं ओळख मोडली.

एका बाजाराला बायडाबाई दिसली. टोपल्यात गवार आणि थोडी भेंडी. रुद्राणीनं ओट्यावरूनच टोमणा मारला. म्हणाली, "मावशे, कांद्याला सोन्याचा भाव आला तशी आमची आठवण बुजली व्हय?"

बायडाबाई तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. "कशाचं सोनं, बाई? मातीमोल गेला मपला कांदा."

रुद्राणीनं तिला आत बसवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पोळ्याच्या आसपास सुंदरराव स्वतः फटफटीवर वाडीवर गेला होता. कांदा साठवायच्या चाळीत माल असलेल्या घरोघरी जाऊन त्यानं सांगितलं की सरकार परदेशातून कांदा आणतंय, मुंबईला बोटी लागल्यात, आठ दिवसांत भाव पार बसणार. आज द्याल तर चार रुपये किलोनं उचलतो, उद्या उकिरड्यावर टाकावा लागेल. तो शिकलेला, फोनवाला, संघाचा अध्यक्ष. वाडीनं चाळी मोकळ्या केल्या. त्यानंतरही तो दर आठवड्याला जात होता आणि उरलासुरला माल गोळा करत होता.

"मग मला इचारायला यायचं होतं की," रुद्राणी म्हणाली.

"येणारच होते. पर त्यो म्हनला, रुद्राणीनं कांदा घेणं बंद केलंय. तिच्या वट्यावर जाऊन कावून इज्जत घालवती?" बायडाबाई लुगड्याच्या पदराशी चाळा करत होती. "मला वाईट वाटलं. म्हनलं, एवढ्या वर्साची वळख, तोंडानं तरी सांगायचं हुतं."

रुद्राणी उठून उभी राहिली. वाडीला चार रुपये आणि गावाला वीस-बावीस, मेव्हण्याचं गोदाम मध्ये, हे तिला कळलंच. पण त्यापेक्षा तिला झोंबलं ते हे की त्या माणसानं तिचं नाव वापरलं होतं. तिच्या नावानं म्हातारीला दारापासून तोडलं आणि तोच कांदा रुपया कमी म्हणून तिच्याच नवऱ्याच्या पाठीवर लादला. वर ती त्याला देवमाणूस म्हणत होती.

चुलीवरची आमटी तशीच ठेवून ती एसटीडी फोनच्या दुकानात गेली. तिचा भाऊ सोमेश्वर सोलापूरच्या मार्केट यार्डात माल तोलणारा मापाडी होता. आडत्याच्या फोनवर त्याला बोलावून घेतलं. सोमेश्वर म्हणाला, कांदा महाग आहे हे खरं, पण या आठवड्यात नवा माल यायला लागलाय, भाव थोडा खालीच आलाय; आणि चार रुपयाला तर आमच्याकडं या मोसमात सडका कांदासुद्धा गेला नाही. म्हणजे वाडीशी खोटं आणि गावाशीही खोटं. एकच तोंड, सकाळी खाली बोलायचं आणि संध्याकाळी वर.

महारुद्रला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला की धंदा म्हणलं की असं चालतंच, उगाच वैर नको, गॅसची टाकीसुद्धा त्याच्याच भावाकडून येते. रुद्राणीनं त्याच्याशी वाद घातला नाही. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी तिनं बायडाबाईला मुक्कामाला बोलावून घेतलं आणि संध्याकाळी तिचा हात धरून सुंदररावाच्या हॉटेलात नेलं. त्या बैठकीला तोवर एकही बाई गेली नव्हती.

चहा फिरत होता. सुंदरराव सांगत होता की कांदा आणखी पाच रुपयांनी उडणार. दोघींना पाहून तो हसला, पोराला दोन कप आणखी आणायला सांगितलं. रुद्राणी बसली नाही.

"चहा नको, भाऊ. ह्या मावशीला तुमी वाडीवर काय भाव सांगितला, तेवढं ह्या लोकांना सांगा."

सुंदररावाचं हसू गेलं नाही. तो म्हणाला की त्या वेळी बातमीच तशी होती, बोटी येणार म्हणून पेपरातही आलं होतं.

"त्याच सांजेला तुमी इथं सांगितलं, कांदा चढणार. बोट वाडीच्याच वढ्याला लागणार हुती का?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सुंदररावानं कप खाली ठेवला. आता त्याचा आवाज बदलला, पण चढला नाही. शहाण्या माणसानं अडाण्याला समजवावं तसा तो बोलू लागला. "वैनी, जमाना खुल्या बाजाराचा हाय. दिल्लीनंच सांगितलंय, ज्याची त्यानं खरेदी करावी, ज्याचा त्यानं नफा कमवावा. फोनचं बिल मी भरतो. बातमी मपली, माल मपला. मी कुनाच्या गळ्यावर सुरी ठिवली का?"

"सुरी ठिवली असती तर दिसली तरी असती," रुद्राणी म्हणाली. "तुमी जीभ ठिवली. आन् मपल्या नावानं ठिवली. खुला बाजार म्हनता. मंग तुमचा भाव झाकून कावून? मावशीपुढं एक, आमच्यापुढं एक. उघडा करा की तोबी."

सुंदरराव बैठकीत बसलेल्या महारुद्रकडं पाहून म्हणाला, "आप्पा, घरच्या बायकांना घरी बोलायला शिकवा."

महारुद्र उठला. रुद्राणीला वाटलं, आता तरी हा काही बोलेल. तो म्हणाला, "चल घरी." बाकीचे बशीत बघत बसले होते, जशी काही बशीत फार मोठी गोष्ट बुडाली होती. बायडाबाईला एकानंही विचारलं नाही की मावशी, तुझं किती गेलं.

वाटेत मागून बंकट आला. तो भज्यांचा गाडा लावायचा, त्याचं सगळं पोट कांद्यावर. खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, बरं बोलल्या तुमी. मला ठावं हुतं. मेव्हण्याच्या टेम्पोत वाडीचीच पोती येताना बघितलती मी."

"ठावं हुतं तर बोलला न्हाईस कावून?"

बंकट म्हणाला की रुपया कमी मिळत होता. रुद्राणीला त्या क्षणी सुंदररावापेक्षा बंकटचा जास्त राग आला. सुंदररावानं तरी टेम्पोभर कमावलं होतं. हा रुपयाला विकला गेला होता, आणि ते सांगताना त्याला लाजही वाटत नव्हती.

त्या रात्री रुद्राणी बायडाबाईजवळ निजली. दुसऱ्या दिवशी बाजार भरायच्या आधी रुद्राणीनं पुन्हा सोलापूरला फोन लावला. सोमेश्वरनं सांगितलेले भाव घेऊन ती बाजाराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली. टोपलं घेऊन येणारी असो की पिशवी घेऊन येणारा, दोघांना एकच आकडा. लोक हसले. काहींना वाटलं, खानावळवाली बिघडली. पण टोपलेवाल्या बायका थबकून ऐकत होत्या आणि एकदोघींनी दुसऱ्यांदा विचारून घेतलं.

पुढच्या आठवड्यातही ती उभी राहिली, त्याच्या पुढच्याही. संघानं महारुद्रला बोलावणं बंद केलं. गॅसची टाकी आली नाही. तिनं सगळा स्वयंपाक चुलीवर आणला. तिच्या आमटीत सोडा असतो अशी आवई उठली आणि मास्तर लोकांनी महिन्याची जेवणं मोडली. या सगळ्यात वाडीचा कांदा मात्र गोदामात जायचा थांबला. नव्या पिकाचा पहिला लाल कांदा बायडाबाईनं आणला तो थेट ओट्यावर, आणि रुद्राणीनं सोलापूरच्या भावातून गाडीभाडं वजा करून तिला पैसे दिले. चाळीतला जो गेला होता तो गेलाच. त्याची भरपाई कोणी दिली नाही, कोणी चूक झाली असंही म्हणालं नाही.

संक्रांतीनंतर सुंदररावाच्या हॉटेलावर रंगवलेला मोठा फळा लागला. वर लिहिलं होतं, शेतकरी बांधवांसाठी आजचे बाजारभाव, आणि खाली त्याचं नाव त्याहून मोठ्या अक्षरात. उद्घाटनाला तालुक्याचे पुढारी आले, नारळ फुटला, पेपरात फोटो आला. पंचायत समितीच्या निवडणुकीची तयारी आहे असं लोक म्हणत होते. रुद्राणीनं तो फोटो पाहिला आणि पेपर दुमडून चुलीत सारला. महारुद्र जाऊन फळा बघून आला.

"बरोबर भाव लिव्हलाय त्यानं," तो म्हणाला. "सोमेश्वरनं सांगितला तोच. आता कशाला घसा कोरडा करती?"

"बरोबर कावून लिव्हलाय, ते इचारलं का स्वतःला?"

तिनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले. भाकरीचं पहिलं गिऱ्हाईक यायला अजून अवकाश होता. "मी दोन आठवडे फोन करायची थांबते, मंग तिसऱ्या आठवड्याला जाऊन वाचा तो फळा," ती म्हणाली. महारुद्रनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि परातीकडं हात केला. म्हणाला, पीठ मी मळतो, तू फोन लावून ये. एसटीडीच्या दुकानात आधीच दोन माणसं उभी होती. रुद्राणी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.