डाव्या हाताचा आशीर्वाद

पेणेत माणसांपेक्षा गणपती जास्त आणि गणपतींपेक्षा हात चौपट. एका खानेसुमारीवाल्याने पेणेत येऊन तीन दिवस इमानेइतबारे डोकी मोजली आणि चौथ्या दिवशी वही मिटून तो पनवेलची गाडी धरून गेला, कारण दर दुसऱ्या खोलीत मोजलेल्या डोक्याला सोंड निघाली. त्याने हात मोजायला घेतले असते तर अजून इथेच असता.

गणपतीचे हात वेगळ्या साच्यात काढतात आणि मग धडाला जोडतात. जोडताना एखादा निखळतो, एखादा तडकतो, म्हणून दर कारखान्यात चार हात जास्तीचे काढून ठेवायची पद्धत. हंगाम संपला की हे उरलेले हात उकिरड्यावर जातात. आणि उकिरड्यावरून ते जात सारा रोहेकर यांच्या शेडमध्ये.

सारामावशींचं आडनाव रोह्याचं, घर पेणेत, नवरा जेकबभाऊ देवाघरी आणि लेक-जावई इस्रायलात. पेणेतली बाकीची बेने इस्रायली ज्यू मंडळी एकेक करून निघून गेली, तशा मावशीही एकदा गेल्या होत्या. तीन महिन्यांत परत आल्या. "तिकडे लोक चांगलंचुंगलं टाकून देतात गो," त्यांनी शेजारणीला सांगितलं, "पण उचलायला वाकलं की लेक वरडते. असल्या देशात माणसाने करायचं काय?"

परत आल्या आणि नवऱ्याच्या मित्राच्या, दत्तात्रेय मूर्तिकाराच्या, घरालगतच्या रिकाम्या शेडमध्ये त्यांनी दुकान मांडलं. पिंपाच्या झाकणावर पाटी लिहिली: 'उरलंसुरलं'. कारखान्यांतले डब्याच्या बुडाशी राहिलेले रंग, केस झडलेले ब्रश, चिरलेले साचे, टिकल्या, जरीचे तुकडे; रोह्याच्या कंपन्यांतून आलेली पुठ्ठ्याची पिंपं आणि जाड कागदी नळ्या; सगळं धुऊन, पुसून, वेगवेगळं लावून ठेवलेलं. ज्याला हवं त्याने न्यावं. पैसे नाहीत. एकच अट: नेलेल्या मालाचं जे काही कराल ते एकदा आणून दाखवायचं. बालवाडीच्या अनिताबाईंनी झडलेल्या ब्रशांची साळिंदरं केली. गागोद्याच्या पोरांनी कागदी नळ्यांची आगगाडी केली. ती अशी लांब झाली की इंजिन मावशींना दाखवायला पेणेत पोचलं तरी गार्डाचा डबा गागोद्यातच होता.

फक्त हात मावशी कोणाला देत नसत. उत्तरेकडची आख्खी भिंत, जमिनीपासून पत्र्यापर्यंत, हातांची. परशू धरलेले, पाश धरलेले, मोदकाचे, आशीर्वादाचे. नवा माणूस शेडमध्ये शिरला की आधी नमस्कार करी आणि मग मावशींना विचारी, "यांचं काय करता?"

"ठेवते."

"पण कशाला?"

"आमच्यात देवाचं नाव लिवलेला कागद फाटला तरी टाकत नाय, रीतीने पुरतात. हा तर आख्खा हात हाय. देव तुमचा असला म्हणून काय झालं?"

त्र्याण्णव साली, चतुर्थीच्या आठवडाभर आधी, दत्तात्रेय शेडच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मूर्ती आता रोहा, महाड, कुठे कुठे जात होत्या आणि वाळवायला जागा पुरत नव्हती.

"वहिनी, तुमचं दुकान राहू दे. मला ती भिंत तेवढी द्या. हात काढून टाका."

"कुठे टाकू?"

"खाडीत सोडा. विसर्जनच हाय ते."

"पूजा न करता विसर्जन? तुम्ही न जेवता हात धुता काय हो भावजी?"

"वहिनी, मस्करी पुरे. चतुर्थी रविवारी. सोमवारी सकाळी ती भिंत मोकळी दिसली नाय, तर मग आख्खी शेडच मोकळी करायची. जेकबदादा असता तर त्यानेपण हेच सांगितलं असतं."

"जेकब असता तर त्याने आणखी दोन फळ्या मारल्या असत्या," मावशी म्हणाल्या. पण दत्तात्रेय गेल्यावर त्या खाली बसल्या. एक भिंत मोकळी केली की दुकान वाचत होतं. दोन गोण्या, एक हातगाडी, तासाभराचं काम. तीन वेळा त्या फळीपाशी गेल्या आणि तिन्ही वेळा वरच्या कोपऱ्यातल्या एका फडक्याच्या पुरचुंडीकडे बघून परत आल्या.

चतुर्थीच्या आदला दिवस शनिवार. शनिवारी मावशींचा शब्बाथ. शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी शेडला कुलूप, किल्ली खिळ्याला, आणि मग शनिवारी तारे दिसेपर्यंत त्या काम करत नसत आणि दुसऱ्याला सांगतही नसत. जेकबभाऊ असताना एकदा शनिवारी वाऱ्याने घरावरची कौलं उडाली, तेव्हा नवराबायको संध्याकाळपर्यंत छत्री धरून पाटावर बसली होती. छत्री शुक्रवारीच उघडून ठेवलेली होती, असं म्हणतात.

तर त्या शनिवारी सकाळी मावशी धुतलेलं लुगडं नेसून पडवीत बसल्या होत्या आणि दत्तात्रेयचा टेम्पो, जो एव्हाना रोह्यात असायला हवा होता, तो उलटा पेणेत आला. हिरामण ड्रायव्हर उडी टाकून उतरला.

"मावशी, म्हैस! गडबच्या पुढे, भर हायवेवर बसलेली. हॉर्न दिला तर नुसता कान हालवला. ब्रेक मारला, म्हैस हाय तशी रवंथ करत ऱ्हायली, आणि मागे..."

मागे पेंढ्यात चाळीस गणपती होते. सोंडा शाबूत, पोटं शाबूत, मुकुटाची एक टिकली हलली नव्हती. पण पुढे आलेले हात एकमेकांवर आपटले होते आणि एकतीस हातांचा भुगा झाला होता. मागोमाग दत्तात्रेय धावत आला आणि टेम्पोत बघून चाकापाशी मटकन बसला.

"रोह्यात जनू व्यापारी दुकान उघडून बसलाय," तो म्हणाला. "संध्याकाळी लोक पाट घेऊन येणार. मी काय देऊ त्यांना, थोटे देव?"

"नवीन काढा की हात," हिरामण म्हणाला.

"या हवेत? दोन दिवस वाळणार नाय. ओल्या हाताला रंग लावला की पापुद्रे सुटतात."

मग त्याची नजर शेडच्या कुलपाकडे गेली, तिथून पडवीत बसलेल्या मावशींकडे आली आणि खाली गेली.

मावशींना आतून असं हसू फुटत होतं की त्यांनी पदर तोंडाला लावला. पण हसू ओसरलं तशी काळजी वाटली. दारात देव हात मोडून उभे, भिंतीवर सुके खडखडीत हात, आणि मध्ये शनिवार.

"वहिनी," दत्तात्रेय म्हणाला, "शेड उघडता?"

"आज शनवार."

"मग किल्ली द्या."

"आज शनवार."

"मग मला नुसतं सांगा तरी, घे म्हणून!"

"शनवारी मी कोणाला काम सांगत नाय, भावजी. चाळीस वर्षं बघताय."

दत्तात्रेयने कपाळावर हात मारला. तेवढ्यात अनिताबाई आल्या. हरतालकेचा उपास, सकाळपासून पाणीसुद्धा नाही, त्यामुळे चेहरा त्रासलेला. मावशी त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "बस गो. तुला एक गोष्ट सांगते."

"आत्ता? गोष्ट?" दत्तात्रेय ओरडला.

"एक बाई होती," मावशी सुरू झाल्या. "तिच्या दारामागे एक खिळा होता. त्या खिळ्याला काय होतं ते तिने कधी कोणाला सांगितलं नाय. पण कोणी आपणहून घेतलं तर तिने कधी भांडणपण केलं नाय."

अनिताबाई उपासाचा विसर पडून फिसकन हसल्या. "काका, उठा. दारामागे किल्ली हाय."

शेड उघडली. आतून दत्तात्रेयचा आवाज आला, "यात वीतभर मापाचे कुठले? देवा, हे तर हजारभर हायत!"

"त्या बाईच्या शेजारी एक राजा ऱ्हात होता," मावशी पडवीतून मोठ्याने म्हणाल्या. "त्याच्या गोदामात लहान माप खाली आणि मोठं माप वर. वीतभराचे तिसऱ्या फळीवर. उजवीकडे आशीर्वाद, डावीकडे मोदक. परशूवाले वेगळे, कारण राजाची बोटं कापली होती एकदा."

"राजा हुशार होता," हिरामण म्हणाला.

"बायको हुशार होती," मावशी म्हणाल्या.

मग काय विचारता! दत्तात्रेय हात काढून देई, हिरामण पाटीतून आणी, अनिताबाई रंग कालवत. चिमूटभर प्लास्टर, काथ्याचा तंतू, की हात जागेवर बसला; वर अंगाच्या रंगाचा एक हात. वर्षानुवर्षं सुकलेलं ते प्लास्टर रंग असं पीत होतं, जसं काही त्यालाच उपास होता. मावशींनी बोट उचललं नाही, पण त्या राजाच्या राज्यात त्या दिवशी इतक्या घडामोडी झाल्या की गोष्ट दोन तास चालली. राजाने रंगात पाणी कमी घातलं, राजाने पाश उलटा बसवला, राजाच्या ड्रायव्हरने पेंढा पातळ भरला.

तीस हात बसले. एक उरला. शेवटच्या गणपतीचा खालचा डावा, मोदकाचा. आणि त्या मापाचे मोदक संपले होते.

"शोधतो अजून," दत्तात्रेय शिडीवरून म्हणाला. शिडी वरच्या कोपऱ्याकडे सरकल्याचा आवाज आला. मावशी पडवीत सावरून बसल्या. वरच्या कोपऱ्यातली पुरचुंडी त्यांच्या गोष्टीत कुठेच नव्हती.

दत्तात्रेय बाहेर आला तेव्हा त्याच्या तळव्यावर फडकं उलगडलेलं होतं आणि त्यात एक मातीचा हात होता. शाडूचा, बिनरंगाचा, जुना. आशीर्वादाचा, पण डावा. आणि त्याची करंगळी किंचित वाकडी.

दत्तात्रेयने आपला डावा हात वर धरला. लहानपणी आंब्यावरून पडून मोडलेली, तशीच वाकडी बसलेली करंगळी. दोन्ही हात शेजारी शेजारी.

"हा माझा," तो म्हणाला. "पहिला. अठराव्या वर्षी केलेला. उजव्या हाताने माती लावायची तर समोर बघायला उरतो डावाच. मी आपला बघून बघून केला. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, हा देव हाय का डावखुरा न्हावी? दिला उकिरड्यावर भिरकावून." तो मावशींकडे वळला. "तुम्हाला कुठे मिळाला?"

मावशी अनिताबाईंकडे बघून बोलू लागल्या. "एक मुलगी होती. रोह्याहून पेणेत नांदायला आली. तिसऱ्या दिवशी केर टाकायला गेली. कोणी ओळखीचं नाय, आईची आठवण येत होती. तर उकिरड्यातून एक हात वर आलेला, असा, तिच्याकडे बघून उचललेला. तिला वाटलं, या गावात कोणीतरी आपल्याला ये म्हणालं. तिने तो पदराखाली घालून घरी नेला. बाकीचे हात नंतरचे."

हिरामणने उगाच टेम्पोचं चाक तपासलं.

"आणि मी खाडीत सोडा म्हणालो," दत्तात्रेय पुटपुटला. त्याने शेवटच्या गणपतीकडे बघितलं. "माप बरोबर हाय. पण तुमचा तो चाळीस वर्षांचा..."

"त्या मुलीने तो सांभाळला," मावशी म्हणाल्या. "कशासाठी, ते तिला आजपर्यंत कळत नव्हतं."

"मग?"

"मग काय मग? गोष्ट संपली. रंग सुकतोय तुमचा."

दत्तात्रेयने तो हात स्वतः बसवला. चाळीसावा गणपती दोन्ही हातांनी आशीर्वाद देत रोह्याला गेला. म्हैस त्याच जागी होती; या खेपेस मात्र टेम्पो आला तशी ती उठली आणि बाजूला झाली, असं हिरामण शपथेवर सांगतो. हिरामणच्या शपथा खाडीत टाकल्या तर भरती येईल.

सोमवारी सकाळी मावशी पदर खोचून शेडच्या दारात उभ्या होत्या. आत उरलेला एकही हात हलवलेला नव्हता. दत्तात्रेय आला तो खांद्यावर सागाची लांब फळी घेऊन.

"मोकळं करायला आलात?"

"वरच्या फळीवर गर्दी झालीय," तो म्हणाला. "मोदकवाले वेगळे ठेवायला पायजेत. खिळे हायत ना?"

"हायत. दारामागचा एक सोडून बाकीचे घ्या."

आता राहिला तो चाळीसावा गणपती. तो गेला होता रोह्याच्या धोंडुबाईंच्या घरी. त्यांनी पाटावर बसवल्यावर बघितलं की देवाच्या हातात मोदकच नाही, दोन्ही हात आपल्याकडे. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "खाण्यात गुंतला नाय." त्या वर्षी त्यांच्या गायीला जुळं झालं, नारळीला दुप्पट नारळ लागले आणि दोन जावई एकाच दिवशी आले आणि एकाच दिवशी गेले. यातलं कुठलं खरं आणि कुठलं रोह्याच्या लोकांनी जोडलं ते तपासायला कोणी गेलं नाही. पण पुढच्या वैशाखात जनूचा निरोप आला की दोन आशीर्वादांचे गणपती पाठवा, चौदा माणसं मागून गेली.

आणि साचा काढायचा तर तो हात विसर्जनात कुंडलिका नदीच्या पाण्यात विरघळलेला.

म्हणून त्या वैशाखात 'उरलंसुरलं'मध्ये जो कोणी रंग न्यायला येई, त्याला एक दृश्य दिसे. साठीला टेकलेला दत्तात्रेय मूर्तिकार नव्या फळीखाली मांडी घालून बसलेला, उजवा हात शाडूत, आणि डावा हात समोर उचललेला, वाकड्या करंगळीसकट. समोर स्टुलावर सारामावशी. शनिवार नव्हता, त्यामुळे गोष्टीची गरज नव्हती.

"हालवू नका हो भावजी."

"हात दुखतो, वहिनी."

"दुखू दे. आणखी जरा वर. हां. असाच होता."

येणारा माणूस आधी दारातच थांबे आणि मग, कोणाला ते नीट न समजून, वाकून नमस्कार करी.