पत्ता बदलला नाही तरी

संध्याकाळच्या गाडीने निघायचे म्हणून थोरल्याने बॅग दाराशी आणून ठेवली आणि शेवटची खातरजमा म्हणून मोबाइलचे वायफाय बंद करून आईच्या खोलीतला कॅमेरा उघडला. पडदा काळाच राहिला.

पाच आठवडे हा कॅमेरा बिनतक्रार दिसत होता. पण पाच आठवडे तो स्वतःही याच घरात, याच वायफायवर होता. घरातल्या घरात पाहायला बाहेरच्या वाटेची गरजच पडत नाही, ही साधी गोष्ट नेटवर्कच्या कामावर पोट भरणाऱ्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती.

उद्या बाबांचे डायलिसिस होते. आठवड्यातून तीन दिवस ते सकाळी इस्पितळात जात ते दुपारी परतत, आणि तेवढा वेळ आई एकटी असे. तिला अलीकडे काही आठवत नसे. दार उघडून वाट फुटेल तिकडे चालू लागण्याची खोड मात्र जडली होती. धाकटा कचेरीतून कॅमेऱ्यावर नजर ठेवी. ती दाराकडे वळली की कॅमेऱ्यातूनच हाक मारी आणि ती मागे फिरे. पाच आठवड्यांपूर्वी तो कचेरीच्या जिन्यात कोसळला, तो उठलाच नाही. आता ही राखण थोरल्याने आपल्या गावाहून करायची होती. ते जमले नाही तर आईला वृद्धांच्या संस्थेत ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिथला फॉर्म बाबांनी आणूनही ठेवला होता.

"काय झालं?" बाबांनी विचारले.

"बाहेरून दिसत नाही."

"आतून तर दिसतंय."

"आतून दिसून काय करू, बाबा? उद्या मी बाहेर असणार."

"मोठमोठ्या कंपन्यांची फायरवॉल सांभाळतोस म्हणे," बाबा म्हणाले, "आणि घरचं एवढंसं खोकं तुला दाद देईना?"

खोके, म्हणजे घरचे इंटरनेट ज्यातून आत-बाहेर जाई ती फायरवॉल, थोरल्यानेच पाठवलेले होते. त्याच्या कंपनीने मोडीत काढलेले. बाकी सारे धाकटा आपले आपण शिकला होता. इंटरनेट कंपनीने घराला दिलेला पत्ता केव्हाही बदलतो, म्हणून बाहेरून घर सापडावे यासाठी त्याने एका फुकट सेवेकडून कायमचे एक नाव घेतले होते: 'आईकडे'. पत्ता बदलला की त्या सेवेला कळवायचे काम फायरवॉलचे. याला डायनॅमिक डीएनएस म्हणतात.

थोरल्याने लॅपटॉप उघडला. फायरवॉलच्या पानावर नावापुढे पत्ता होता, आणि तो हिरवा होता. म्हणजे सारे आलबेल. बाहेर विचारावे, तर या नावाचे कोणी नाहीच, असे उत्तर.

हिरव्या रंगावर विसंबू नये, असे तो नवशिक्यांना बजावत असे. हिरवा रंग एवढेच सांगत होता की आजचा पत्ता आणि शेवटचा कळवलेला पत्ता एकच आहे. त्याने नोंदी चाळल्या. शेवटचे कळवणे चार महिन्यांपूर्वीचे होते. त्यानंतर पत्ता बदललाच नव्हता. म्हणून फायरवॉलने कळवले नव्हते. सेवेचा नियम मात्र असा, की तीस दिवस काहीच कानावर आले नाही तर ती मालकाला मेल करते आणि मेलमधल्या दुव्यावर कोणी बोट टेकवले नाही तर नाव काढून टाकते. धाकटा दर महिन्याला बोट टेकवत आला होता. या खेपेचा मेल उघडायला तो उरला नव्हता.

सेटिंगच्या तळाशी शेऱ्याची एक चौकट असते. ती सहसा कोणी भरत नाही. धाकट्याने भरली होती:

'दादाला विचारणे. पत्ता बदलला नाही तरी मधूनमधून कळवत राहायचं तर काय करावं?'

थोरल्याला धाकट्याचे ते दोन मिस्ड कॉल आठवले. 'कामात आहे. नवीन काही?' असे त्याने लिहिले होते. 'नवीन काही नाही. सवडीने बोलू,' असे उत्तर आले होते. नवीन काही नाही, म्हणून त्याने फोन केला नव्हता.

शेऱ्यातल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे होते. दर पंचवीस दिवसांनी, पत्ता बदलो न बदलो, कळवण्याचे वेळापत्रक लावायचे. फोनवर सांगायला दोन मिनिटे पुरली असती.

"सापडलं?" बाबांनी विचारले.

"सापडलं."

"काय चुकलं होतं त्याचं?"

"त्याचं काही चुकलं नव्हतं."

'आईकडे' हे नाव अजून कुणी घेतले नव्हते. थोरल्याने ते आपल्या खात्यावर नोंदवले. मग फायरवॉलमधून धाकट्याचा मेल आयडी एकेक अक्षर मागे घेत पुसला, स्वतःचा घातला आणि वेळापत्रकाची ती ओळ लिहिली. शेऱ्याच्या चौकटीला त्याने हात लावला नाही.

बॅग खांद्याला लावून तो रस्त्यावर आला आणि तिथून कॅमेरा उघडला. खोली दिसली. आई खुर्चीत बसली होती, बाबा तिच्या शालीचे टोक सारखे करत होते. त्याने फोनवरून कॅमेरा हलकेच वळवला, तशी तिने मान वर केली.

"अहो, धाकटा बघतोय वाटतं."

तो गेल्याचे तिला तीनदा सांगून झाले होते. तिन्ही वेळा ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली होती. मग सांगणे सोडून दिले होते.

"थोरला आहे," बाबा म्हणाले.

"काहीतरीच तुमचं. त्याला कुठली एवढी सवड?" आई म्हणाली आणि धाकट्याला दाखवावी तशी तिने हातातली रिकामी वाटी कॅमेऱ्यापुढे धरली. "सगळं संपवलं बरं का रे."

बोलायचे बटण अंगठ्याखालीच होते. आपला आवाज ऐकून ती मागे फिरेल की नाही, हे उद्या कळायचे होते. अंगठा तसाच ठेवून तो गाडीची वेळ टळेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा राहिला.