डासिणींचा उपास

माझ्या पोरी जेवेनात. सोमवारपासून हाच तमाशा. मी पिंजऱ्यात उजवा हात कोपरापर्यंत घालून बसायची आणि त्या पलीकडच्या जाळीला चिकटून ढिम्म! अहो, ज्या हातावर त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, त्याच्याकडे ढुंकून बघेनात. अपमान म्हणजे किती करावा माणसाचा!

पोरी म्हणजे डासिणी. हिवतापावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मी डास पाळते. हसू नका, पगार मिळतो. नर बिचारे साखरपाण्याच्या बोळ्यावर जगतात, चावणं त्यांच्या गावीही नाही. रक्त लागतं ते बाईला, तेही अंड्यांसाठी. आमची ही जात तर इतकी नखरेल की यंत्रात गरम केलेल्या रक्ताला तोंड लावत नाही, जिवंत हातच हवा. ही पिढी आता थकत आलेली, रोज चार-दोन पिंजऱ्याच्या तळाशी पडत होत्या. आज प्यायल्या नाहीत तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर वंश खलास. असली जात दुसरीकडे कुठेच नाही.

आमच्या साहेबांना मी मनातल्या मनात थर्मामीटर म्हणते, कारण डासांची खोली जरा गार झाली की त्यांना घाम फुटतो. ते दारातूनच म्हणाले, "तुमचं रक्त बिघडलंय का हो?"

"मग तुमचा हात घाला की!" मी फणकारले.

साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले. त्यांना एक डास चावला तरी हात पावासारखा फुगतो. म्हणे डासांच्या खात्याचे साहेब!

साबण तोच, सेंट मी लावत नाही. हाताचा वास घेऊन बघावा तर सर्दीनं नाक ठार बंद. खरं सांगते, रडकुंडीला आले होते.

एवढ्यात पहारेकऱ्यानं मला फाटकाशी बोलावलं. मी विसरलेला डबा घेऊन सासूबाई आल्या होत्या. डबा राहिला बाजूला, त्यांनी आधी माझी बाही वर सारली, हात उलटासुलटा करून पाहिला आणि खुशीत म्हणाल्या, "बघ! एकसुद्धा चावा नाही!"

माझी ट्यूब पेटली. "आई, काय केलंत तुम्ही?"

"मी कुठे काय केलं?"

"आई!"

"जरासं तेल घातलं गं तुझ्या हाताच्या क्रीममध्ये. डास पळवायचं. दुकानदार म्हणाला, छान लिंबासारखा वास आहे."

"कपाळ माझं! डास पोसणाऱ्या बाईच्या हाताला डास पळवायचं तेल! अहो, माझी नोकरी काय आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे म्हणूनच घातलं." त्याही काही कमी नाहीत. "तू रोज हात पुढे करून हिवताप ओढवून घेणार आणि मी काय बघत बसू?"

"हजारदा सांगितलंय, डास हिवताप घेऊन जन्मत नाही! आधी आजारी माणसाचं रक्त प्यावं लागतं, मग तो जंतू डासिणीच्या पोटात दहा-बारा दिवस वाढतो, तिच्या लाळेत उतरतो, मग पुढच्याला. माझ्या पोरींनी माझ्याशिवाय कुणाला तोंड लावलेलं नाही!"

"माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळीही सगळे म्हणत होते, काही होत नाही." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "फ्रॉकमध्ये होती गं. आठवड्यात गेली."

इतक्या वर्षांत हे त्या मला कधी बोलल्या नव्हत्या. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि तो गेला म्हणून मला आणखीच राग आला.

"हात घासून धू ना मग," त्या म्हणाल्या.

"आजच्या आज जायचा नाही तो वास. आणि आज प्यायल्या नाहीत तर अंडी न घालताच मरतील."

सासूबाईंनी डबा माझ्या हातात कोंबला. "त्यांना खरंच काही नाही ना? माझ्याशी खोटं बोलत नाहीस ना तू?"

"नाही, आई."

त्यांनी बाही सरसावली. "चल. माझा हात घाल."

थर्मामीटरनं त्यांना आजार विचारले, औषधं विचारली आणि जाळी उघडायच्या आत स्वतः दोन दारांपलीकडे गेले. सासूबाईंनी डोळे गच्च मिटून माझा दंड धरला.

"आई, सोडा. माझ्या वासानं त्या यायच्या नाहीत. मी काचेमागे थांबते."

"मला एकटीला टाकून?" पण सोडला.

काय ती झुंबड उडाली! सासूबाई दचकल्या, पण हात हलला नाही. थोड्या वेळानं एक डोळा उघडला, मग दुसरा.

"अगं, ही बघ! पिता पिताच मागून थेंब सोडतेय!"

"रक्तातलं पाणी टाकतात, आई! पोटात जागा करायला!" मी काचेतून ओरडले.

"जेवताना? काही वळणच लावलं नाहीस यांना!"

पोटं लालभडक करून एकेक पोरगी जाळीवर जाऊन बसली. मी वाढवलेल्या, आणि सासूवर इतक्या खूश! मला हसूही येत होतं आणि जळफळाटही होत होता.

अंडी झाली, वाटीभर पाण्यात अळ्या वळवळू लागल्या, वंश वाचला. सासूबाई मात्र पुढे कितीतरी दिवस माझ्यापासून लपून ताप मोजत होत्या. मीही काही पाहिलं नाही असं दाखवलं.

आता रोज सकाळी त्या माझे हात साबणानं खसाखसा धुतात, हुंगतात, मगच मला घराबाहेर सोडतात. आणि संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन दारातच उभ्या.

"आई, तिथले डास निर्दोष आहेत हो!"

"तिथले. आणि इथले?"

मी हात पुढे करते. बरोबरच आहे त्यांचं.

"सकाळचा हात त्यांचा," तेल चोळत त्या म्हणतात, "संध्याकाळचा माझा."