पत्र्याचं कुठलं अंग

ही माझ्या उमेदवारीच्या वर्षातली गोष्ट. दाबाची एक टाकी होती आणि तिच्या पोटात पाइप शिरतो तिथे ताण किती येतो, ते मला संगणकावर काढायचं होतं. आधी टाकी शेलने मांडली, म्हणजे पत्रा कागदासारखा, जाडी नुसती आकड्यात. मग साहेबांच्या हट्टाने सॉलिडने, जाडीसकट विटा रचून. संगणक बेताचा, म्हणून जाडीत एकच वीट. शेल म्हणालं ताण ब्याण्णव मेगापास्कल, सॉलिड म्हणालं नव्वद. मी हवेत होते.

चाचणी विभागात गोंदवाले काका होते. ताण मोजायच्या इवल्याशा पट्ट्या पत्र्यावर चिकटवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांची पट्टी त्याच जागी एकशे ऐंशी दाखवत होती. साहेब म्हणाले, दोन रीतींनी एकच उत्तर येतंय, म्हणजे खोट गोंदात आहे. काकांचे हात आता कापतात, त्यांना गोदामात बसवू. चूक कबूल केल्याचा कागदही टाइप झाला. दुपारपर्यंत काकांनी सही करायची होती.

काकांनी पट्टी तीनदा खरवडून नव्याने लावली. तिन्ही वेळा एकशे ऐंशीच. मी त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होते. कापतोय की नाही, कळेना. माझे आकडे खरे मानावेत तर काका खोटे ठरत होते, आणि त्यांना खोटं म्हणायला जीभ रेटत नव्हती.

"ताई," ते म्हणाले, "माझी पट्टी पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला आहे. तुमचं यंत्र कुठलं अंग बघतं?"

मी हसले. मग हसू विरलं, कारण मला ते माहीतच नव्हतं.

माहितीपुस्तक काढलं. वेगळं विचारलं नाही तर शेल जाडीच्या मधल्या थराचा ताण सांगत होतं. वीटही तिच्या मध्याचाच. पाइपाच्या जोडाशी पत्रा दाबाने वाकतो; वाकला की बाहेरचं अंग ताणलं जातं, आतलं दाबलं जातं आणि नेमकं मध्येच वाकणं जाणवत नाही. शेलला बाहेरचा थर विचारला तर एकशे शहात्तर आलं.

धावत गेले. काकांनी सही करून टाकली होती.

"दोघंही एकच सांगतायत म्हटल्यावर मलाच वाटलं, हात गेला आपला."

तो कागद आणि नवा आकडा मी साहेबांपुढे ठेवला. मग आधीची दोन उत्तरं जुळली कशी, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्हीकडे मी मधलंच विचारलं होतं, असं मी सांगितलं. त्यांनी कागद फाडला.

परत आले तेव्हा काका चौथी पट्टी लावत होते. हाताला बारीक कंप होता. तो आधीपासून होता की त्याच दुपारी आला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.